हिरवे तांबे

परक्याच्या घरी घेतलेला चहा पुण्याला एकदा चांगलाच महागात पडला होता. १८९० सालच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गावातली बडी मंडळी जमली. व्याख्यान झाले आणि चहाबिस्किटे पुढे आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता ओठांना लावला, कुणी हातात घेऊन तसाच खाली ठेवला. पुढे आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनी त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. आज आपल्याला त्याचे हसू येते. पण त्या मंडळींची एक गोष्ट मला मानावीशी वाटते. पुढे आलेला पेला कुणाचा, तो घेतल्याने आपण कोण ठरतो, असे प्रश्न त्यांना चहा पिताना पडत होते. आपल्याला काहीच पडत नाही. पडली तर साखर कमी पडते.

मला तो प्रश्न पडला तो पुण्यापासून हजारो मैल दूर, इंग्लंडातल्या एका बागेत.

मी कसब्यातली. तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर आमचे घर. लग्न होऊन आले तेव्हा सकाळी घड्याळ पाहावे लागत नसे. हातोड्यांची ठणठण सुरू झाली की उठायचे आणि दुपारी ती थांबली की जेवायचे. तीस वर्षे एका शाळेत चित्रकला शिकवली, पण रेघ म्हणजे काय हे मला मुलांच्या वह्यांपेक्षा त्या आळीत अधिक समजले. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक सारखे ठोके घालत जाणारा तांबट पाहिला म्हणजे कळते, की हातही विचार करतो. या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्याठोक्याने पत्रा कणखर होतो आणि वर चांदण्यासारखी खळ्यांची नक्षी उठते.

मुलगी ऑक्सफर्डजवळ राहते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. एके दिवशी ती म्हणाली, "आई, उद्या तुला एका जहागिरीवर चहाला न्यायचंय." मला वाटले, कुणा ओळखीच्यांनी बोलावले असेल. तसे काही नव्हते. तिकडे मोठमोठ्या जमीनदारांची खेड्यांतली घरे आहेत. शेकडो एकरांचे आवार, तळी, बागा, मध्ये हवेली. विसाव्या शतकातल्या दोन महायुद्धांनंतर, आणि वारसाकराच्या ओझ्याखाली, अशी घरे सांभाळणे धन्यांना जड जाऊ लागले. कित्येक पाडली गेली, कित्येक विश्वस्त संस्थांकडे गेली, आणि कित्येकांच्या मालकांनी ठराविक दिवशी फाटके उघडून तिकीट लावले. लोक येतात, बाग पाहतात, घर पाहतात आणि शेवटी तबेल्यात, मुदपाकखान्यात किंवा काचघरात मांडलेल्या टेबलांशी बसून चहा घेतात. आपल्याकडे जसे दर्शन आणि मग प्रसाद, तसाच हा क्रम. आणि प्रसादासाठीच येणारी मंडळी तिकडेही पुष्कळ आहेत.

मुलगी, जावई, सात वर्षांची नात आणि मी, असे चौघे निघालो. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधून मोटार चालली होती. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, मेंढ्या, हिरवी कुरणे. एका वळणावर गर्द झाडीतून रस्ता खाली उतरला आणि समोर जे दिसले त्याने मी बसल्या जागी सरळ झाले. इंग्लंडच्या त्या कुरणात एक मोगली हवेली उभी होती! पुढे आलेले रुंद छज्जे, महिरपी, चार कोपऱ्यांवर चार छत्र्या आणि मधोमध कांद्याच्या आकाराचा घुमट. या घराचे नाव सीझिनकोट.

घुमट तांब्याचा होता, आणि हिरवागार होता.

आमच्या घरात तांब्यावर असा रंग चढलेला माझ्या सासूबाईंनी एक दिवस खपवून घेतला नसता. चिंच, मीठ आणि दोन हात, एवढ्या साहित्यावर त्या बंबाला सोन्याची कळा आणीत. हिरवे डाग म्हणजे घरातल्या बाईचा आळस, ही आमच्याकडची समजूत. त्या घुमटाकडे पाहताना मनात पहिला विचार आला तो हाच, की एवढ्या मोठ्या घरात शेरभर चिंच असू नये! जावयांना मी तसे म्हटलेही. ते हसले आणि म्हणाले, "आई, हे लोक हा रंग मुद्दाम जपतात. तो घासला तर ओरडतील." मी गप्प बसले, पण ते वाक्य मनातून गेले नाही.

घराची हकीकत माहिती देणाऱ्या बाईंनी फार आस्थेने सांगितली. कर्नल जॉन कॉकरेल नावाच्या गृहस्थाने १७९५ साली ही जहागीर विकत घेतली. तो १७९८ साली वारला आणि मालमत्ता भावंडांकडे आली. त्यांपैकी चार्ल्स कॉकरेल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. कलकत्त्यात तो कंपनीच्या टपालखात्याचा प्रमुख होता, शिवाय एका मोठ्या पेढीचा भागीदार. गडगंज होऊन मायदेशी परतल्यावर १८०५ च्या सुमारास त्याने हे घर बांधायला काढले. नकाशे केले दुसऱ्या भावाने, सॅम्युएल पेपिस कॉकरेलने. तो वास्तुशिल्पी होता. हिंदुस्थानी तऱ्हा नेमकी साधावी म्हणून त्यांनी चित्रकार टॉमस डॅनियलला बोलावले. हा डॅनियल पुतण्याला बरोबर घेऊन १७८६ ते १७९३ पर्यंत आपल्या देशात चित्रे काढीत हिंडला होता. १८०७ साली इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, हे घर पाहून गेला, आणि पुढे ब्रायटनला त्याचा जो घुमटांचा महाल उठला त्यामागे या भेटीची आठवण होती असे सांगतात.

आत गेलो तर आत हिंदुस्थान नव्हता. जिने, खांब, छत, सारे ग्रीक-रोमन वळणाचे. बाहेर अंगरखा आणि आत कोट. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. पुण्यात अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. फक्त त्यांत कोट बाहेर असतो.

बागेत एका ओढ्यावर डॅनियलने पूल बांधविला आहे. त्याच्या कठड्यावर नंदी बसलेले आहेत, ऐटदार वशिंडाचे. पुलाखालचे खांब घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांच्या वळणाचे. पाण्यात पाय ठेवायला दगड टाकले आहेत, त्यांवरून नात उड्या मारीत पलीकडे गेली. वरच्या बाजूला तळ्याकाठी सूर्याचे छोटे देऊळ, खालच्या तळ्यात खोडाला विळखा घातलेला तीन फण्यांचा नाग. पोरीने सगळे बारकाईने पाहिले आणि परत येऊन मला विचारले, "आजी, नंदी इथे आहेत, मग शंकर कुठे आहे?"

गेल्या वर्षी कसब्यात आली होती तेव्हा तिला मी नागेश्वराच्या देवळात नेले होते. नंदीच्या शिंगांतून पिंडीकडे पाहायचे, हे तिच्या ध्यानात राहिले होते. इथे तिने नंदीच्या शिंगांतून पाहिले तो पलीकडे ओढा, गवत आणि मेंढ्या. नंदीला पाहण्यासाठी समोर कुणी ठेवलेलेच नव्हते. मी म्हटले, "शंकर घरीच राहिला गं." तिला ते पटले. मुलांना पटते.

चहाची व्यवस्था नारिंगीघरात होती. इंग्लंडच्या थंडीत संत्र्यालिंबांची झाडे जगावीत म्हणून श्रीमंत लोक अशी काचेची दालने बांधीत. सीझिनकोटचे नारिंगीघर मुख्य घरापासून कमानीसारखे वळत गेलेले, उंच महिरपी खिडक्यांचे आहे. ऊन तिरपे येऊन टेबलांवर पडले होते. चिनी मातीची किटली आली, दूध निराळे, साखर निराळी. बशीत स्कोन, जाम आणि घट्ट साय. आमच्याकडे अमृततुल्यवाला पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, चहा, आले, वेलदोडा यांचा एकजीव संसार करून देतो. इंग्रजी चहात प्रत्येक जण वेगळा राहतो आणि पेल्यात नाइलाजाने भेटतो.

टेबलावरही तसेच झाले. जावई पेला पुढे ओढून म्हणाले, "गंमत बघा आई. पैसा बंगालचा, खांब घारापुरीचे, देव आपला, आणि बघायला तिकीट आपणच काढायचं. वर हा चहा, तोही बहुधा आसामचाच." मुलीला ते आवडले नाही. ती म्हणाली, "तुला जाईल तिथे हिशेब काढायचा असतो. हिला इथल्या शाळेत जायचंय, इथल्याच मुलांशेजारी बसून डबा खायचाय. आत्तापासून तिच्या मनात हे कशाला?" जावई म्हणाले, "मग तिला सांगायचं काय? की हे नंदी आपणहून इथे चरायला आले?"

दोघेही खोटे बोलत नव्हते. चार्ल्स कॉकरेल या घरात राहायला आला तेव्हा त्याच्या पेल्यातला चहा चीनचा असणार, कारण आसामचा चहा लंडनच्या बाजारात प्रथम विकला गेला तो १८३९ साली. पण त्याच्या टेबलापाशी येणारा पैसा हिंदुस्थानातला होता, यात वाद नाही. आणि ज्या वर्षांत इथे घुमटावर तांबे चढत होते त्या वर्षांत आमच्या शनिवारवाड्यात दुसरा बाजीराव वसईच्या तहाखाली, इंग्रजांच्या पलटणींच्या भरवशावर, गादी सांभाळीत बसला होता. तो तह १८०२ सालचा. जावयांचा हिशेब बरोबरच होता. पण मुलीची काळजीही मी आई म्हणून ओळखत होते. पोराच्या हातात घर द्यावे, कज्जा देऊ नये, असे कोणत्या आईला वाटत नाही?

तेवढ्यात नातीने स्कोनवरची साय चाटता चाटता विचारले, "आजी, हे घर आपलं आहे का?"

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. 'हो' म्हणावे तर ते खरे नव्हते. या घरात आपल्यातले कुणी धनी म्हणून राहिले नव्हते. 'नाही' म्हणावे तर तेही जिभेवर येईना. समोरच्या काचेतून हिरवा घुमट दिसत होता. आणि त्या तांब्याकडे पाहता पाहता मला एक नाव आठवले.

मी म्हटले, "घर आपलं नाही. पण या बागेची एक वाट आपल्या पुण्यातून आलीय. सांगू?"

आणि मी तिला गंगाराम तांबटाची गोष्ट सांगितली. ती अशी. सवाई माधवरावांच्या वेळी, १७८६ पासून १७९७ पर्यंत, इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट पुण्यात होता. मुळामुठेच्या संगमावर त्याचा बंगला आणि बाग होती. कसब्यातून पायी गेले तर अर्धा तासही लागणार नाही. १७९२ साली जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. पेशव्यांच्या आश्रयाने चित्रशाळा निघाली आणि तीत आपली मुले इंग्रजी पद्धतीचे रेखाटन शिकू लागली. त्यांत सर्वांत हुशार गंगाराम. जातीचा तांबट. पेशव्यांच्या पशुसंग्रहातला गेंडा त्याने काढला. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी काढली, आणि वेल्सलाही त्याच्या कामाचा हातभार लागला. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या मुलीशी मॅलेटने पुढे लग्न केले आणि सासऱ्याची चित्रे इंग्लंडात कुणाच्या हाती सोपवली? टॉमस डॅनियलच्या. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने १८०३ साली वेरूळची चोवीस चित्रे प्रसिद्ध केली. त्याच रेखाटनांच्या आधारे त्याने शनिवारवाड्यातल्या दरबाराचे थोरले तैलचित्र रंगवले. सवाई माधवराव गादीवर, जवळ नाना फडणवीस, आणि १७९० चा तह घेऊन आलेला मॅलेट. ते चित्र १८०५ सालचे. आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. आणि त्याच सुमारास हाच डॅनियल या बागेत पूल कुठे असावा, नंदी कुठे बसावेत, हे ठरवीत होता.

चित्रातला तो दिवाणखाना १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याबरोबर जळून गेला. गंगारामाची रेखाटने मात्र उरली; आज ती अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहेत.

नातीने सगळे ऐकून घेतले. तहात तिला रस नव्हता. तिने विचारले, "त्याने गेंडा खरा बघून काढला?" मी म्हटले, "खरा बघून." मग तिने कागदी रुमालावर पेन्सिलीने गेंडा काढला, एक शिंग नाकावर आणि, अधिक असलेले बरे म्हणून, एक शेपटीवर. त्याच्याखाली गंगारामाचे नाव लिहिण्यासाठी तिने मला स्पेलिंग विचारले. जावयांनी ते सांगितले. मुलीने तिच्या पेल्यात दूध ओतले. मी माझा चहा प्यायले. गार झाला होता, पण निवांतपणे प्यायले.

त्या रात्री घासलेल्या तांब्याचा आणि हिरव्या तांब्याचा विचार करीत पडले होते. छपरावरच्या तांब्यावर ऊनपावसाने जो हिरवा थर चढतो त्याला जंगाल म्हणतात. तो धातूला घट्ट धरून बसतो आणि खालचे तांबे खाऊ देत नाही. तो घासून काढला तर छप्पर लवकर झिजेल. म्हणजे इंग्रजांचे बरोबर. पण तेच जंगाल भांड्याच्या आत चढले तर विष. ताक, आमटी, चिंचेचे सार अशा भांड्यात कळकते, आणि खाणारा आजारी पडतो. म्हणून आत कल्हई हवी. म्हणजे सासूबाईंचेही बरोबर. धातू एकच, थरही एकच. घरावर असला तर राखण, पोटात गेला तर बाधा.

जुन्या काळाचेही असेच असावे. सीझिनकोटचा घुमट जसा आहे तसा राहू द्यावा. तो घासून माझ्या हाती काय येणार? दोनशे वर्षांची त्या घराची जी कळा आहे ती पाहण्यासारखी आहे, आणि ती पाहून मी सुखावले हे मी लपवीत नाही. पण त्या घराविषयी पोरीच्या पोटात आपण जी गोष्ट घालतो ते भांडे निराळे. त्याला आतून थर चालत नाही, ना अभिमानाचा, ना रागाचा. पैसा कुठून आला हे तिला एक दिवस कळायला हवे, तसेच तो पूल कुणाकुणाच्या हातांतून इथवर आला तेही. नुसता हिशेब सांगितला तर ती परकी होईल. नुसते सौंदर्य दाखवले तर आंधळी होईल. गंगारामाची गोष्ट तिला सांगता आली याचा मला आनंद झाला, कारण त्या गोष्टीत तिला कुणाची बाजू घ्यावी लागली नाही. एक माणूस ओळखीचा झाला, एवढेच.

आणि त्याबरोबरच एक बोचणीही आली. इंग्रजांच्या बागेत उभे राहून मला जे नाव आठवले ते कसब्यात किती जणांना ठाऊक आहे? त्या पेठेत कुठल्या चौकाला ते नाव नाही, कुठल्या भिंतीवर पाटी नाही. तांबट आळी आहे अजून. पेशव्यांच्या वेळी कोकणातून येऊन वसलेल्या या कारागिरांच्या वारसांनी स्टीलच्या लाटेतही हातोडा सोडलेला नाही. पण बंब गेले, हंडे-घागरी गेल्या, मुले दुसऱ्या नोकऱ्यांना लागली. सकाळची ती ठणठण आता कान देऊन ऐकावी लागते. परदेशी संग्रहांनी गंगारामाचा कागद जपला. त्याच्या जातभाईंचा हातोडा जपणे कुणाकडे आहे, हे विचारायला सीझिनकोटला जायची गरज नव्हती. पण मला ते तिथे जाऊन सुचले.

पुण्यास परतल्यावर आठवड्याने आळीत गेले. आमच्या ओळखीचे एक वृद्ध तांबट आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ मठारकाम करीत आहेत. त्यांना मी घुमटाचे वर्णन केले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पत्रा केवढ्या जाडीचा?" मला सांगता आले नाही. मग गंगारामाची हकीकत सांगितली. हातातला हातोडा खाली ठेवून त्यांनी ती पुरी ऐकली. म्हणाले, "हातोडा सोडून पेन्सिल धरली म्हणा की. हात आमचाच तो. तांब्यावर आधी आखावंच लागतं, बाई. ज्याला आखता येत नाही त्याला ठोकता येत नाही." मी त्यांना गेंड्याच्या चित्राची छापील प्रत दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली, आणि जाडजूड कातडीच्या वळ्यांवरून बोट फिरवीत म्हणाले, "ही मोड बघा. पत्रा असाच दुमडतो."

नातीसाठी एक लहानसे भांडे करायला मी त्यांना सांगितले. बाहेरून मठार, काठ गोल, मूठ पितळी. त्यांनी खडूने जमिनीवर त्याचा आकार आखला, माप घेतले आणि विचारले, "आतून कल्हई करायची का?"

मी विचारले, "केव्हा करतात आणि केव्हा नाही?"

"पाणी ठेवायचं असेल तर नको. चहा करायचा असेल तर करायलाच पाहिजे."

"मग करा," मी म्हटले. "पोरगी अजून दूध पिते, पण चहाला लागेलच की एक दिवस."